शेजारच्या बाकावरची ताकागी

जपानच्या शाळकरी मुलांत एक समजूत आहे. खोडरबरावर आवडत्या व्यक्तीचे नाव लिहायचे, ते कागदी वेष्टनाखाली झाकून ठेवायचे आणि कोणाच्या दृष्टीस न पडू देता ते खोडरबर झिजवून संपवायचे, म्हणजे मनातली गोष्ट खरी होते. ‘टीझिंग मास्टर ताकागी-सान’ या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेच्या पहिल्याच भागात ही समजूत येते. शेजारी बसणाऱ्या ताकागीने आपल्या खोडरबरावर कोणाचे तरी नाव लिहिले आहे, असा संशय आल्यावर निशिकाता या मुलाला काही केल्या चैन पडत नाही. ती जागेवर नाही असे पाहून तो हळूच वेष्टन सरकवतो. तेथे नाव नसते. ‘व्हरांड्याकडे बघ’ अशा अर्थाची सूचना असते. तो मान वर करतो, तर ताकागी व्हरांड्यात उभी राहून त्याच्याकडेच पाहत हसत असते.

या प्रसंगात एवढेच घडते, आणि संपूर्ण मालिकेतही याहून फार वेगळे काही घडत नाही. मी कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. सातवी ते नववीच्या वर्गांत माझा दिवस जातो आणि या वयाची मुले-मुली एकमेकांना कसे चिडवतात, हे मी आवडो न आवडो, रोज पाहते. नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने ही मालिका लावून दिली, तेव्हा पहिल्या काही भागांतच एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि पुढे ती पक्की होत गेली. व्हरांड्यातल्या त्या हसण्याचा वर्गाला पत्ताच नसतो. ताकागी निशिकाताला दिवसभर चिडवते, परंतु त्याचे हसे चारचौघांत होऊ देत नाही. मालिकेची सगळी गोडी मला या एका गोष्टीत सापडली, आणि आमच्या गावातल्या शाळांत नेमकी हीच गोष्ट का जमत नाही, हा विचार त्यानंतर पाठ सोडीना.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. सोइचिरो यामामोतो यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या मासिकातून २०१३ साली सुरू झाली आणि २०२३ साली संपली; तिचे एकूण २० खंड आहेत. ॲनिमे केली ती शिन-एई ॲनिमेशन या संस्थेने, म्हणजे ज्या संस्थेच्या ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ने आपल्याकडच्या एका पिढीला शाळेतून आल्यावर दप्तर टाकून टीव्हीसमोर बसवले, त्याच संस्थेने. दिग्दर्शक हिरोआकी आकागी. २०१८, २०१९ आणि २०२२ असे तीन सीझन आले, प्रत्येकी १२ भागांचे, आणि जून २०२२ मध्ये त्यांच्यापाठोपाठ एक चित्रपट आला. ताकागीला आवाज दिला आहे रिए ताकाहाशी यांनी आणि निशिकाताला युकी काजी यांनी. ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये राक्षसांवर गर्जना करणारा एरेन येगर तो हाच आवाज, हे भाचीने मला सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. येथे तो आवाज एका ज्यूसच्या डब्याच्या पैजेवरून तितक्याच जिवाच्या आकांताने मनातल्या मनात ओरडत असतो, आणि मालिकेतला अर्धा विनोद त्यातूनच येतो.

दोघे मिडल स्कूलच्या पहिल्या वर्षाला आहेत, म्हणजे आपल्या सातवीला. निशिकाता रोज सकाळी ‘आज हिला चिडवायचेच’ असा निर्धार करून येतो. त्यासाठी त्याने घरी बेत आखलेला असतो, आरशासमोर सराव केलेला असतो. शाळेत पोचल्यावर मात्र त्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच तिला सगळे कळते आणि डाव त्याच्यावरच उलटतो. मग पैज लागते. हरणाऱ्याने थंड पेय पाजायचे किंवा विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे. हरतो अर्थातच निशिकाता. प्रत्येक हारीनंतर अंगात बळ यावे म्हणून जोर मारण्याचा नियम त्याने स्वतःला घालून घेतला आहे. बळाचा आणि ताकागीला चिडवण्याचा संबंध काय, हा प्रश्न त्याला कधीही पडत नाही, आणि माझ्या मते या वयातल्या मुलाचे याहून खरे चित्रण करता आले नसते. शिवाय त्याचे एक गुपित आहे. एकतर्फी प्रेमाची एक मुलींसाठीची मालिका तो चोरून पाहतो आणि तिच्यातल्या हळव्या प्रसंगांनी त्याचे डोळे भरून येतात. हे गुपित ताकागीपासून लपून राहणे शक्यच नव्हते. कळल्यावर मात्र तिने ते वर्गात फोडलेले नाही.

मांडणीत एक हुशारी आहे. निशिकाताच्या मनात काय चालले आहे ते आपल्याला अक्षरशः ओरडून ऐकवले जाते. ताकागीच्या मनातले जवळजवळ काहीच ऐकवले जात नाही. तिच्याविषयी आपल्याला जे कळते ते तो पाठ फिरवून निघाल्यावर तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काय उमटते त्यावरून, ती चालता चालता किती मागे राहते त्यावरून, किंवा तिच्या प्रश्नातल्या एखाद्या थांब्यावरून. त्यामुळे पाहणारा निशिकाताच्या डोक्यात बसून ताकागीकडे पाहतो आणि तरीही निशिकाताला जे दिसत नाही ते त्याला दिसते. शाळेत प्रवेश झाला त्या पहिल्या दिवसाचा प्रसंग पाहा. वाटेत सापडलेला कोणाचा तरी रुमाल जमा करण्यापायी निशिकाताला उशीर होतो. तो रुमाल ताकागीचा असतो. त्याच्या लेखी ती उशीर झाल्याची एक कटकट. तिच्या लेखी ती सगळ्याची सुरुवात. पटकथेने हे कोणाच्याही तोंडून वदवून घेतलेले नाही.

ती हरतच नाही, असे मात्र नाही. निशिकाता जेव्हा डाव टाकायचे विसरतो आणि सरळ मनातले बोलतो, तेव्हा ती हरते. तिला काही बोलता येत नाही, ती मान फिरवते, आणि आपण जिंकलो आहोत हे त्याच्या गावीही नसते. दुसऱ्या सीझनच्या शेवटी उन्हाळी उत्सवाच्या गर्दीत दोघांची चुकामूक होते, आणि ती सापडल्यावर तो पुढे होऊन तिचा हात धरतो. तेथे पैज नाही, युक्ती नाही. भाची त्या वेळी माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तिला त्याच्याशी बोलायचं असतंय गं आत्या, म्हणून ती चिडवती. त्याला कळतच न्हाई.” मराठीच्या बाईंना यावर टिप्पणी करण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.

आता आमच्याकडची गोष्ट. कोल्हापुरात चिडवणे हा दोघांचा खेळ नसतोच, ते गल्लीचे सामूहिक कार्य असते. वर्गात हजेरी घेताना एखाद्या मुलीचे नाव उच्चारले की मागच्या बाकांवर एकदम खोकल्याची साथ येते. ती कोणाच्या नावाने आली आहे हे त्या मुलाच्या लाल झालेल्या कानांवरून शिक्षकांना लगेच कळते. बाकाच्या पृष्ठभागावर कर्कटकाने बदाम कोरलेला असतो, त्यातून बाण गेलेला असतो आणि दोन टोकांना दोन अक्षरे असतात. ती अक्षरे कोरणारा त्या दोघांपैकी कोणीच नसतो. (जपानी मुले याच कामासाठी छत्रीचे चित्र काढून तिच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना दोघांची नावे लिहितात. चिडवण्याची हौस दोन्हीकडे सारखीच म्हणायची.) एखाद्या मुलाने एखाद्या मुलीला भूगोलाची वही दिली, एवढ्या भांडवलावर आमचा वर्ग आठवडाभर चालतो. तिला ‘वहिनी’ म्हणायला सुरुवात होते. मग ती मुलगी त्या मुलाशी बोलणे सोडते, मुलगा चारचौघांत तिच्याविषयी काहीतरी वाईट बोलून आपली सुटका करून घेतो, आणि ज्या दोघांमध्ये कदाचित साधी मैत्री झाली असती ते दहावीच्या निरोप समारंभापर्यंत एकमेकांच्या नजरेला नजर देत नाहीत.

याला आम्ही शिक्षकांनी संस्थेचे रूपही दिले आहे. स्नेहसंमेलनात फिशपाँड ठेवले जातात. आठ-दहा दिवस आधी एक पेटी ठेवायची, मुलांनी निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि संमेलनाच्या दिवशी माईकवरून त्या वाचायच्या. चिठ्ठ्या आधी चाळण्याचे काम मराठीच्या शिक्षकांकडे येते, कारण शब्दांचे जे काही असेल ते मराठीकडे, असा आमच्याकडे दंडक आहे. त्यामुळे या वाङ्मयप्रकाराचा माझा अभ्यास बरा आहे. त्यातल्या काही ओळी खरोखर चांगल्या असतात. एका मुलावर असे फिशपाँड आले होते:

नकाशात उत्तर सापडेना, सर झाले हैराण;
याची उत्तर दिशा म्हणजे तिसऱ्या बाकाचं ठिकाण.

मी ते कवी म्हणून मान्य केले आणि शिक्षक म्हणून बाजूला काढले. कारण तिसऱ्या बाकावर कोण बसते हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि मागे खुर्च्यांवर पालक बसणार होते. त्या मुलीच्या वडिलांचे दुकान आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. दोन ओळींचा विनोद घरी पोचेपर्यंत त्याचे काय होते, हे मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. आमच्या पेठांत दोन-तीन पिढ्यांची ओळख असते आणि ती जितकी आधाराची तितकीच जाचाची असते.

मोठ्यांचा वाटा तर याहून मोठा आहे. या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जुनी आहे आणि ती अजून पुरती गेलेली नाही. त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलाला पाहुण्यांसमोर उभे करून “तुझी बायको कुठली रे?” असे विचारायचे आणि त्याने मामाच्या मुलीकडे बोट दाखवले की घरभर हसायचे, हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम असतो. माझ्या एका आतेभावाचे बालपण यातच गेले. सुट्टीत आजोळी सगळी भावंडे एकत्र जमत, रंकाळ्यावर भेळ खायला जात, आणि त्या दोघांना मुद्दाम शेजारी बसवले जाई. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत त्यांनाही गंमत वाटे. पुढे त्या मुलीला कळू लागल्यावर, तो आला की ती स्वयंपाकघरातून बाहेर येईनाशी झाली. दोघांची लग्ने यथावकाश वेगवेगळ्या घरांत झाली आणि आता ते अगदी व्यवस्थित बोलतात. पण मधली दहा-बारा वर्षे, ज्या वयात त्यांनी एकत्र पतंग उडवायचे, सायकली हाणायच्या, भांडायचे, ती घरच्यांच्या कौतुकाने खाऊन टाकली.

हे सगळे डोक्यात असल्यामुळे ताकागीचे वागणे मला विशेष वाटले. ती त्याच्या दिसण्यावरून, घरावरून किंवा कमी गुणांवरून त्याला खाली पाहायला लावत नाही. तिचा नेम एकाच ठिकाणी असतो: त्याच्या बढाईवर, म्हणजे ‘मला काहीच वाटत नाही’ या त्याच्या सोंगावर. तो खरोखर अडचणीत सापडला की तिचे चिडवणे थांबते. आणि त्याच्या वतीने हे सांगायला हवे की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, पुन्हा तिच्याच शेजारी बसतो आणि पुन्हा डाव टाकतो. तो तिला आदराने ‘ताकागी-सान’ म्हणतो, ती त्याला नुसते ‘निशिकाता’. तरीही दोघांतला कोणीही दुसऱ्याच्या वरचढ वाटत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी चिठ्ठ्या टाकून वर्गातल्या जागा बदलण्याचा प्रसंग येतो, तेव्हा रोज हरणाऱ्या या मुलाला ती जागा जाईल म्हणून किती धाकधूक वाटते ते पाहण्यासारखे आहे.

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना मी ही मालिका सांगितली तेव्हा त्यांनी एक रोखठोक आक्षेप घेतला. “हेच मुलाने मुलीला केले असते तर तुम्ही कौतुक केले असते का?” असे त्यांनी विचारले. प्रश्न बाजूला टाकण्यासारखा नाही. आमच्या शाळेत पोलिसांचे निर्भया पथक येऊन छेडछाडीवर मुलींशी बोलते. शाळा सुटल्यावर कोपऱ्यावर मोटरसायकल लावून उभ्या राहणाऱ्या टोळक्याचा त्रास काय असतो, हे या मुलींना कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. आपल्या तमाशातल्या गवळणीत कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या वाटेवर गौळणींना अडवतात, मावशी त्यांना तोडीस तोड उत्तरे देते आणि सगळा प्रेक्षकवर्ग हसतो. ती रंगत मला मनापासून आवडते. परंतु तेथेही वाट अडवणारे पुरुष आणि अडकलेल्या बायका ही मांडणी ठरलेलीच आहे, आणि मावशी नसती तर त्या प्रसंगात हसण्यासारखे काय उरले असते, असे कधी कधी मनात येते.

बाईंच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की मुलाने मुलीला हेच आणि असेच केले असते, तर मला ते चालले असते. परंतु असेच करणे फार अवघड आहे. ज्याला चिडवायचे त्याला निघून जायची वाट मोकळी हवी, पाहणारे नकोत, आणि ज्याने चिडवले त्याला हरण्याची तयारी हवी. रस्त्यावरच्या टोळक्याकडे यांतले एकही नसते. याच प्रकारातली ‘डोन्ट टॉय विथ मी, मिस नागातोरो’ ही २०२१ साली आलेली ॲनिमे मी त्यानंतर उत्सुकतेने पाहिली. तिच्या सुरुवातीला ती मुलगी आपल्या सीनियर मुलाला अक्षरशः रडवते, आणि तिच्या मैत्रिणी त्यात सामील असतात. पुढे ती मालिका निवळते असे तिचे चाहते सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु त्या पहिल्या प्रसंगांत मला माझा खोकणारा वर्गच दिसला. गणिताच्या बाईंना माझे उत्तर पूर्णपणे पटलेले नाही, हेही नोंदवून ठेवते.

ताकागीच्या जगाविषयी माझी स्वतःची एक तक्रार आहे. लेखक यामामोतो हे शोदोशिमा बेटावरच्या तोनोशो या गावचे, आणि मालिकेतले गाव त्याच बेटावरून घेतलेले आहे. कागावा प्रांतातले हे बेट सेतोच्या अंतर्गत समुद्रात आहे. ऑलिव्हच्या बागांसाठी आणि सोया सॉससाठी ते जपानभर प्रसिद्ध आहे. ओहोटीच्या वेळी समुद्रातून वर येणारी वाळूची वाट तेथे आहे, आणि हात धरून तिच्यावरून चालणाऱ्या जोडप्याचे मनोरथ पुरे होतात असे म्हणतात. चित्रकारांनी हे बेट फार प्रेमाने काढले आहे: समुद्राच्या कडेने शाळेतून घरी जाणारा रस्ता, चढावर सायकल हातात धरून चालणारी दोघे, देवळाच्या पायऱ्या, लांबवर दिसणाऱ्या बोटी. परंतु एवढ्याशा बेटावर, जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत असणार, ही दोघे रोज एकत्र घरी जातात आणि एकही शेजारीण खिडकीतून डोकावत नाही, एकही काका दोघांना थांबवून “कुणाची रे तू?” असे विचारत नाही, हे मला पटत नाही. तानाबे नावाचे एक करड्या चेहऱ्याचे शिक्षक तेवढे अधूनमधून निशिकाताला पकडतात. बाकी मोठी माणसे या गावातून जणू उचलून बाजूला ठेवली आहेत. लेखकाने ही सोय करून घेतली आहे, आणि त्याच सोयीमुळे त्या दोघांना श्वास घ्यायला जागा मिळाली आहे. कोल्हापुरात ही मालिका घडवायची म्हटले तर बिंदू चौकातून महाद्वार रोडपर्यंत पोचेस्तोवर तिचे तीन शेवट झाले असते.

दुसरी तक्रार अनेक जण करतात ती तोचतोचपणाची. ती खरी आहे. एका भागात तीन-चार छोटे प्रसंग असतात आणि बहुतेकांचा साचा एकच असतो. सलग बसून एक सीझन संपवणाऱ्याला पाचव्या-सहाव्या भागानंतर जांभई आली, तर दोष मालिकेचा नाही. मूळ मांगा मासिकातून महिन्याकाठी थोडी थोडी येत असे, आणि ती तशीच घ्यायची आहे. रात्रीच्या जेवणानंतर एक भाग, फार तर दोन. प्रत्येक भागाच्या शेवटी येणारे गाणे मात्र घाईने पुढे ढकलू नये. जपानमध्ये आधीच लोकप्रिय असलेली जुनी गाणी तेथे ताकागीच्या, म्हणजे रिए ताकाहाशींच्या आवाजात गाऊन घेतली आहेत. दिवसभर ज्या मुलीच्या मनातले एक अक्षर ऐकू आले नाही, ती त्या दीड मिनिटात दुसऱ्याच्या शब्दांत बोलून घेते.

तिसरा सीझन मला सर्वांत चांगला वाटतो, कारण त्यात साचा सैल होतो. जपानमध्ये १४ फेब्रुवारीला मुली चॉकलेट देतात आणि मुलांनी त्याची परतफेड १४ मार्चला, व्हाइट डेच्या दिवशी करायची असते. सीझनचा शेवट या परतफेडीवर आहे. निशिकाताची तारांबळ नेहमीचीच, पण आता त्याला स्वतःलाच कळू लागले आहे की आपण जिंकण्यासाठी धडपडत नाही आहोत. चित्रपटात ती दोघे शेवटच्या वर्षाला पोचलेली आहेत, उन्हाळ्याची सुट्टी सुरू आहे आणि त्यांना मांजरीचे एक पिल्लू सापडते. पिकांवरची कीड जावी म्हणून मशाली घेऊन शेतांच्या बांधांवरून फिरण्याची शोदोशिमाची जुनी चालही त्यात येते. शेवटी निशिकाता तिला जे सांगतो ते मी येथे लिहीत नाही. एवढे म्हणते की तेवढे एक वाक्य बोलायला त्याला तीन सीझन आणि एक चित्रपट लागला आणि तो वेळ वाया गेलेला नाही.

पुढे काय होते याचे कुतूहल तसे कोणालाच नसते, कारण उत्तर आधीच हाती दिलेले आहे. मिफुमी इनाबा यांनी काढलेल्या ‘मोतो ताकागी-सान’ या जोड-मांगेत या दोघांचे लग्न झालेले आहे आणि त्यांना ची नावाची मुलगी आहे. ताकागी आता नवऱ्याला चिडवते आणि लेक तिचे पाहून शिकते. ही मांगा मुख्य कथा चालू असतानाच येत होती. लग्न होणार हे माहीत असूनही वाचक पुढची सहा-सात वर्षे खोडरबर आणि ज्यूसच्या पैजा वाचत राहिले. मामाच्या मुलीच्या बाबतीत आमच्या घरांनीही शेवट आधीच सांगून टाकला होता. फरक असा की येथे तो फक्त वाचकाला सांगितला आहे, त्या दोन मुलांना नाही.

२०२४ साली खऱ्या नटांना घेऊन एक मालिका आणि एक चित्रपट आला. दिग्दर्शक रिकिया इमाइझुमी. चित्रपटात दहा वर्षे उलटलेली आहेत; ताकागी पॅरिसहून परत येते आणि निशिकाता आपल्याच जुन्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झालेला असतो. लहानपणी मारलेले इतके जोर कोठेतरी कामी येणारच होते. शिक्षकांच्या खोलीत मी आमच्या क्रीडाशिक्षकांना हा तपशील मोठ्या उत्साहाने सांगितला आणि पहिल्या सीझनमधला जोर मारण्याचा तुकडाही मोबाइलवर दाखवला. ते गंगावेशीतल्या तालमीत वाढलेले आहेत. त्यांनी तो तुकडा दोनदा लक्षपूर्वक पाहिला, मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, “बाई, पोरगं मनानं चांगलं आहे, पण कंबर खाली पडत्या त्याची. असले शंभर मारले तरी काय उपयोग न्हाई.”